दोनापावलाची बाई

मागच्या रविवारी आईला घेऊन चोर्ला घाटामार्गे गोव्यातल्या दोनापावलाला जाऊन आलो. आईचं माहेर जांबोटी. जेट्टीवर पाऊल ठेवताच तिनं विचारलं, "आपली म्हादई नदी समुद्राला कुठं मिळते रे?" मागच्या टेकाडापलीकडं बोट दाखवलं. तिकडं ती मांडवी होऊन समुद्राला मिळते, आणि समोर जुवारीच्या मुखापलीकडं मुरगाव बंदरातली जहाजं. माहेरच्या खानापूर तालुक्यात उगवलेलं पाणी इथवर येतं, ह्याचंच तिला केवढं अप्रूप! कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. वाऱ्यानं पदर डोक्यावर ठरत नव्हता.

शेजारी एक जण पर्यटकांना गोष्ट सांगत होता. पोर्तुगीज व्हाइसरॉयची मुलगी, कोळ्याच्या पोरावर जीव जडला, बापानं लग्नाला नकार दिला, हिनं कड्यावरून उडी घेतली, म्हणून ह्या जागेला तिचं नाव. आई ऐकून म्हणाली, "आपल्या तळ्याच्या सुनेसारखंच की रे हे."

आमच्या सीमाभागात ही कथा घरोघरी ठाऊक. तळ्याला पाणी लागेना म्हणून धाकट्या सुनेचा बळी दिला. मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये, मरते ती सूनच. पाण्याला बाईचं नाव लागायचं तर तिनं आधी जीव द्यायचा, हे आपल्या मनात इतकं का बसलंय? मला हे मनापासून खटकतं.

कारण दोना पावला खरोखर होऊन गेली. राज्यपालांच्या निवासाच्या आवारात काबोचं चॅपेल आहे, तिथं तिच्या थडग्याची शिळा आहे. ती वारली 1682 साली, म्हणजे संभाजी महाराज गोव्यावर चालून गेले त्याच्या आदल्या वर्षी. लग्न झालेली, मोठ्या घराण्यातली बाई. गावाला तिचा आधार होता, म्हणून ओडावेल हे जुनं नाव जाऊन गावाला तिचं नाव आलं, असं तिथले लोक सांगतात. आणि त्या काळी जीव दिलेल्या माणसाला चर्च आपल्या जागेत पुरूच देत नसे. मग कड्यावरून उडी घेतलेल्या बाईला चॅपेलमध्ये जागा कशी मिळाली असती? ही एवढी शिळा असताना जेट्टीवर मात्र रोज तिला कड्यावरून ढकलायचं!

परतताना कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही.

काल मावशीचा फोन आला होता. आई तिला सांगत होती, "मोठ्या घरची होती गं. गावाला धरून राहिली. आपल्या मरणानं मेली."