रंगाखालचा गंज बघा

परवा मोरजीच्या किनाऱ्यावरून घरी आल्यावर लेकीच्या टाचेला चिकटलेलं डांबर, म्हणजे समुद्रातून वाहत आलेल्या घट्ट तेलाच्या गोळ्या, खोबरेल तेल चोळून काढत बसले होते. पाऊण तास गेला. मे महिना आला की आमच्याकडे हे ठरलेलंच. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांची जाळी अशीच बरबटतात आणि ती साफ करण्यात त्यांचा अख्खा दिवस जातो. दर्याने टाकलं म्हणून आपण गप्प बसतो. पण हे तेल दर्याचं नाही. दोनापावलच्या एनआयओतल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या) शास्त्रज्ञांनी गोव्यातल्या या गोळ्यांची रासायनिक तपासणी करून टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्याकडे आणि मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या तेलाकडे बोट दाखवलेलं आहे.

माझा मामेभाऊ टँकरवर फिटर आहे. दादा सांगतो, इन्स्पेक्शन आहे कळलं की चिपिंग हॅमर घेऊन गंज उडवायचा आणि वरून लगेच रंग मारायचा. साहेब येतो, कॅप्टनच्या केबिनमध्ये सर्टिफिकेटांच्या फायली बघतो. इंजिन रूममध्ये उतरलाच तर जहाजावरच्या तेलाच्या नोंदींची वही, ऑइल रेकॉर्ड बुक, चाळतो. समुद्रात सोडायच्या बिल्जच्या, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट, पाण्यात तेल 15 पीपीएमच्या (दहा लाखांत 15 भागांच्या) वर असता कामा नये, असा नियम आहे. पण "सेपरेटर (त्या पाण्यातलं तेल वेगळं काढणारं यंत्र) चालू करून दाखव" असं दादाला एवढ्या वर्षांत दोनच इन्स्पेक्टरांनी सांगितलं. त्यातल्या एकाने टॉर्च मारून पाइप जिथे जोडतात त्या फ्लँजचे बोल्ट बघितले. जुन्या पाइपाच्या बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले, तर सेपरेटर चुकवून तेल थेट समुद्रात सोडणारा पाइप तिथे जोडला होता का, हे विचारावंच लागतं. मला असा इन्स्पेक्टर हवा आहे.

कागदांनी जहाज तरंगत नाही. डिसेंबर 1999 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ 'एरिका' टँकरचे दोन तुकडे झाले, तेव्हा तिची सर्टिफिकेटं चालू होती. आतलं लोखंड गंजलं होतं.

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर 2019 मध्ये 'नु शी नलिनी' वादळी वाऱ्यात वाहत येऊन दोनापावलला खडकांत रुतली. पोटात दोन हजार टनांहून जास्त नॅफ्था (झटकन पेट घेणारं पेट्रोलसारखं तेल), जहाजावर एकही माणूस नाही. माणूस नसलेलं, नॅफ्था भरलेलं जहाज नांगरावर राहूच कसं दिलं, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

जहाजं तपासणाऱ्या सर्व्हेअरची माणसं कमी आहेत, जहाज बंदरात थोडाच वेळ थांबतं, हे मला मान्य आहे. मग माणसं वाढवा. जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या बॅलास्ट टाकीत उतरून बघा, सेपरेटर चालवून घ्या, खलाशांशी कॅप्टनच्या माघारी बोला. आणि कोर्टकचेरीत अडकून नांगरावर पडलेलं प्रत्येक जहाज पावसाळ्याआधी तपासा, त्यावर माणसं ठेवायला लावा. परदेशी जहाजांच्या तपासणीसाठी हिंदी महासागरातल्या देशांनी केलेला करार 1999 पासून लागू आहे आणि त्याचं सचिवालय आपल्या गोव्यातच आहे. मुरगावला कुठला टँकर तपासला, त्यात काय सापडलं, हे दर महिन्याला इथल्या मराठी-कोंकणी पेपरांत छापून यायला काय हरकत आहे?

येत्या ग्रामसभेत मी या मागण्यांचा ठराव मांडणार आहे. मोरजी-आश्व्याच्या रापणकारांनो, तुम्ही या. येताना डांबर लागलेल्या जाळ्याचा एक तुकडा घेऊन या, तो ठरावाच्या पत्रासोबत पाठवायचा आहे.