कॅम्परचा रस्ता कुत्र्यांना ठरवू द्यावा

मुले आपापल्या मार्गाला लागली की मागे उरलेल्या दोघांनी काय करावे, याची अमेरिकेतल्या आमच्या मराठी वर्तुळात दोनच सर्वमान्य उत्तरे आहेत. हिवाळाभर पुण्याला जाऊन राहावे, नाहीतर नातवंडे सांभाळावीत. आम्ही न्यू जर्सीचे घर बंद करून वर्षातले काही महिने दोन कुत्र्यांसह कॅम्परमध्ये, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीत राहतो, असे मंडळाच्या गणपतीत कोणाला सांगितले, तर समोरचा आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "सगळे ठीक आहे ना?" ठीकच आहे. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या वयाच्या बऱ्याच जोडप्यांनी याविषयी गंभीरपणे चौकशी केली, म्हणून मला जे वाटते ते एकदा सविस्तर लिहिते.

आम्ही कॅम्परकडे वळलो ते हौसेपेक्षा बंड्यामुळे. बंड्या हा आमचा 80 पौंडांचा, म्हणजे सुमारे 36 किलोंचा लॅब्रॅडॉर आहे, आणि त्याच्या जोडीला बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेली, बीगलची छटा असलेली ठमी आहे. विमानात प्रवाशासोबत बसू दिले जाणारे कुत्रे सीटखालच्या पिशवीत मावावे लागते. बंड्याचे डोकेही त्या पिशवीत मावणार नाही. मोटेलमध्ये कुठे वजनाची अट असते, कुठे एकाच कुत्र्याची, आणि कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणी आठवडाभर ठेवले की ठमी अन्नाला तोंड लावत नाही. मुली घरी होत्या तोवर कोणीतरी मागे राहत असे. त्या गेल्यावर एक तर आम्ही दोघांनी कायमचे घरात बसायचे, नाहीतर घरच बरोबर न्यायचे, एवढाच प्रश्न उरला. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेला, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेला, ज्याला येथे क्लास सी म्हणतात तसा वापरलेला कॅम्पर आम्ही घेतला. मागे ओढायचा ट्रेलर मुद्दामच टाळला, कारण चालत्या ट्रेलरमध्ये कुत्र्यांना ठेवणे धोक्याचे असते आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत आम्ही चौघे दाटीवाटीने बसलो असतो.

कॅम्पर म्हणजे वाटेल तेव्हा वाटेल तिकडे, हे जे चित्र रंगवले जाते, ते कुत्री बरोबर असतील तर निम्म्याहून कमी खरे असते. अमेरिकेतील बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला रस्ता, वाहनतळ आणि कॅम्पग्राउंड यांपलीकडे नेता येत नाही, आणि तेथेही पट्टा 6 फुटांपेक्षा लांब चालत नाही. नकाशावर उद्यानांवर खुणा करून निघालेली जोडपी पहिल्याच मुक्कामी अडतात. मग एक जण पायवाटेने दरीपर्यंत जाऊन येतो आणि दुसरा वाहनतळावर कुत्र्यांना धरून उभा राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुत्र्यांना कॅम्परमध्ये कोंडून दोघेही जातात. आयुष्याची तीस वर्षे मुलांच्या वेळापत्रकावर काढल्यानंतर जोडीने फिरायला निघायचे आणि पाळ्या लावून निसर्ग बघायचा, याला काय अर्थ आहे? मला वाटते, कुत्री नेणार असाल तर आधी कुत्र्यांना कोठे चालता येईल ते पाहावे आणि मग तेथे आपल्यासाठी काय आहे ते शोधावे.

उद्यानांचा हा नियम जाचक आहे, अशी तक्रार कॅम्पग्राउंडच्या शेकोट्यांभोवती पुष्कळ ऐकू येते. मला ती मान्य नाही. 1981 मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एका तरुणाच्या मित्राचा कुत्रा उकळत्या पाण्याच्या कुंडात पडला, त्याला वाचवायला तो तरुण मागोमाग उडी घेऊन गेला, आणि दोघेही वाचले नाहीत. यलोस्टोनमधील लाकडी मार्गिकांवर कुत्र्यांना बंदी का आहे, हे समजून घ्यायला याहून अधिक काही लागू नये. जमिनीचा पापुद्रा कोठे पातळ आहे हे ठमीचे नाक सांगू शकत नाही, आणि तिने एखाद्या अस्वलाला भुंकून उठवले तर त्याला मागे लावून ती पळत येणार ती आमच्याचकडे. उद्यानाचे रहिवासी ते प्राणी आहेत. आम्ही पाहुणे आहोत आणि आमची कुत्री तर न बोलावता आलेली आहेत.

शिवाय जेथे मोकळीक आहे तेथे ती भरपूर आहे. आमच्या घरापासून एका दिवसात गाठता येणारे व्हर्जिनियातील शेनंडोआ राष्ट्रीय उद्यान याबाबतीत दुर्मीळ आहे. तेथे 500 मैलांहून अधिक पायवाटा असून त्यांपैकी जेमतेम 20 मैल सोडल्यास सर्वत्र पट्ट्याला बांधलेले कुत्रे चालते. डोंगरमाथ्यावरून जाणारा 105 मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह ताशी 35 मैलांच्या मर्यादेत चालवायचा असल्यामुळे मोठा कॅम्पर चालवणाऱ्यावर मागून कोणी दात-ओठ खात नाही. मात्र आपल्या गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मोजूनच जावे, कारण वाटेतल्या मेरीज रॉक बोगद्याची उंची 12 फूट 8 इंचच आहे. उत्तरेला मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यानातही अशीच चैन आहे. धनाढ्य दानशूर जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी घोडागाड्यांसाठी बांधून घेतलेले बारीक खडीचे सुमारे 45 मैलांचे रस्ते तेथे आहेत. त्यांवर मोटारींना मज्जाव आणि कुत्र्यांना परवानगी आहे. उन्हाळ्यात तेथे फिरणाऱ्या मोफत बसमध्ये पट्टा लावलेल्या शहाण्या कुत्र्यांना बसू देतात, त्यामुळे कॅम्पर जागचा हलवावा लागत नाही. बंड्या त्या बसमध्ये इतक्या गांभीर्याने बसतो की त्याच्याकडे तिकीट मागावे असे वाटते. पश्चिमेकडे राष्ट्रीय वने आणि संघराज्याच्या मोकळ्या जमिनी आहेत, जेथे साधारणपणे सलग 14 दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो आणि कुत्र्यांवर उद्यानांइतकी बंधने नसतात. वयाची 62 वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना 80 डॉलरमध्ये आजन्म प्रवेशपास मिळतो, आणि संघराज्याच्या कित्येक कॅम्पग्राउंडांत त्यावर निम्मे भाडे पडते. आमच्यापैकी ज्यांनी तो अजून काढलेला नाही, त्यांनी कॅम्पर न घेताही तो काढावा.

आता उष्णतेविषयी, कारण येथे मी कोणाचीही भीड ठेवणार नाही. बाहेर 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे केवळ 21 अंश सेल्सियस असताना बंद मोटारीच्या आतले तापमान अर्ध्या तासात 104 अंशांवर, म्हणजे 40 सेल्सियसवर जाऊ शकते. कॅम्पर मोठा असला तरी उन्हात उभा असलेला पत्र्याचा डबाच असतो. एसी चालू आहे ना, असे म्हणून लोक निर्धास्त जातात; पण तो एसी कॅम्पग्राउंडच्या खांबावरून येणाऱ्या 30 अँपिअरच्या विजेवर चालतो, आणि भर दुपारी सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले की वीज जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. एका खासगी कॅम्पग्राउंडवर आमच्या संपूर्ण रांगेची वीज गेली तेव्हा आम्ही गाडीतच होतो. शेजारच्या कॅम्परमधली दोन कुत्री मात्र आतून दार खरवडत होती आणि मालकांचा पत्ता नव्हता. कार्यालयातील मुलीने किल्ली शोधून आणीपर्यंत माझ्या नवऱ्याने त्यांच्या खिडकीवर ओल्या चादरी धरून ठेवल्या होत्या. आत तापमान वाढले की फोनवर संदेश देणारे यंत्र मिळते आणि ते घ्यावेच, पण तो संदेश मिळाल्यावर पाच-दहा मिनिटांत परत येता येईल एवढ्याच अंतरावर राहावे. हे जमणार नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये कुत्र्यांना घेऊन दक्षिणेकडे जाऊ नये.

कॅम्परमधल्या रोजच्या जगण्याचे वर्णन फारसे कोणी करत नाही, म्हणून थोडे करते. मोहरी तडतडायच्या आत धुराचा भोंगा वाजू लागतो आणि ठमी पलंगाखाली जाते, त्यामुळे फोडणी मी बाहेरच्या शेगडीवर करते. कांदा कुत्र्यांना विषारी असतो, लसूणही, आणि मनुका-द्राक्षे तर अगदी थोडीही घातक ठरू शकतात. घरच्या स्वयंपाकघरात खाली पडलेला कांद्याचा तुकडा उचलायला वेळ मिळतो. येथे ओट्यापासून बंड्याच्या जिभेपर्यंतचे अंतर वीतभर असते. तेव्हा कांदेपोह्यांचा कांदा घरूनच चिरून, डब्यात घट्ट बंद करून आणायचा, हा आमच्याकडे नियम आहे. शॉवरच्या जाळीत, फ्रिजमागच्या झडपेत आणि एकदा तर बंद डब्यातल्या तांदळात मला बंड्याचे केस सापडले आहेत. पावसाचे चार दिवस, दोन ओली कुत्री आणि 25 फुटांची खोली, एवढ्या सामग्रीवर संसार टिकतो की नाही हे कोणत्याही समुपदेशकापेक्षा लवकर कळते.

आरोग्याची कागदपत्रे वेगळ्या पिशवीत हाताशी ठेवावीत. ईशान्येकडे गोचिड्यांपासून लाइम रोगाचा आणि अ‍ॅरिझोनाच्या धुळीतून व्हॅली फीव्हर या बुरशीच्या आजाराचा धोका कुत्र्यांनाही असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी पशुवैद्याला मार्ग सांगावा. कॅनडात जायचे तर रेबीजच्या लसीचा दाखला लागतो आणि ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेत परतताना कुत्र्याची मायक्रोचिप आणि आधी भरलेला अर्जही लागतो.

सर्वांत नाजूक मुद्दा वेगळाच आहे. मुले गेल्यावर घर खायला उठते म्हणून काही जोडपी वर्षभरात कुत्र्याचे पिल्लू आणतात आणि पुढच्या वर्षी कॅम्पर. दोन्ही एकदम शिकायला निघाल्याने पिल्लाचे हाल होतात, आणि रोज बदलत्या अंगणात त्याला शू कोठे करायची हेसुद्धा समजत नाही. आमची कुत्री मुलींच्या काळातली आहेत, त्यांच्याच हातून वाढलेली, आणि म्हणून मुलींच्या जागी ती आहेत असे मला कधी वाटले नाही; उलट मुलींचे फोन बहुधा त्यांचीच चौकशी करण्यासाठी येतात. धाकटी तर स्पष्टच म्हणते, "आई, तू कशी आहेस ते बंड्याच्या फोटोवरून कळतेच." पण बंड्या आता कॅम्परच्या पायऱ्या चढताना थांबतो, म्हणून आम्ही त्याला चढायला तिरकी फळी लावतो, दिवसाला दोनशे मैलांपलीकडे जात नाही, आणि दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठतो. ज्यांना एका दमात ग्रँड कॅन्यन गाठायचा आहे त्यांना हा वेग रटाळ वाटेल. आम्हाला पेनसिल्व्हेनियातले लहान गाव, तेथली नदी आणि बाकावर आमच्याशी गप्पा मारायला बसलेला निवृत्त खाणकामगार याच वेगामुळे भेटला. त्याने आधी बंड्याची विचारपूस केली आणि मग आमची.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की कॅम्पर लगेच विकत घेऊ नका. तो गॅलनला आठ-दहा मैल धावतो आणि दारात उभा असतानाही त्याची किंमत घसरते. ऑक्टोबरमध्ये उष्णतेची चिंता मिटल्यावर एखादा आठवडा भाड्याने घ्या, कुत्र्यांची परवानगी भाडेकरारात लेखी घ्या, आणि शेनंडोआसारख्या ठिकाणी जा. पहिल्या रात्री ती झोपणार नाहीत, याकडे लक्ष देऊ नका. तिसऱ्या दिवशी सकाळी फिरून आल्यावर कुत्रे स्वतःहून कॅम्परच्या दाराशी जाते, की तुमच्या मोटारीच्या शोधात वाहनतळाकडे ओढते, ते पाहा आणि मग विक्रेत्याला फोन करा.