गोठ्याचा वास आला म्हणजे जंगलातला ऊद?

जंगली अगरूचं (अरबीत ऊद) तेल पहिल्यांदा मनगटाला लावलं आणि पाच मिनिटांत उठून हात धुतले. साबणाने, दोनदा. वास जागचा हलला नाही. ओला गोठा, कमावलेलं चामडं, बंद खोलीत कोंडलेला धूर, सगळं एकदम अंगावर आलं. ज्या मित्राने मोठ्या कौतुकाने फाया पुढे केला होता तो शांतपणे म्हणाला, "आता दोन तास त्याचं नाव काढू नकोस."

मी वैतागून वाचत बसलो. मग कधीतरी पान उलटताना हात नाकाजवळून गेला आणि मी थांबलो. गोठा कधीच निघून गेला होता. जुन्या लाकडाचा कोरडा गोडवा उरला होता आणि त्याच्या तळाशी एक थंडावा, कापराच्या जवळ जाणारा, पण कापूर नव्हे. रात्री झोपताना तो होताच. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर जे मनगटावर शिल्लक होतं, ते सगळ्यात सुंदर होतं.

तेव्हापासून हे वेड लागलंय, आणि वेड लागलेल्या माणसांत वावरताना एक वाक्य सतत कानावर पडतं: गोठ्याचा वास आला की समजायचं, माल अस्सल जंगली. हे मला अजिबात पटत नाही. का ते सांगतो.

अगरू ज्यात तयार होतो त्या अक्विलारियाचं निरोगी झाड तोडलं तर आत पांढुरकं, हलकं, जवळजवळ बिनवासाचं लाकूड निघतं. खोडाला इजा झाली, अळीने पोखरलं, बुरशी आत शिरली, की झाड त्या जागी राळ धरू लागतं. लाकूड काळवंडतं, जड होतं. उत्तम तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. चिनी भाषेतल्या नावाचा अर्थच मुळी 'बुडणारा सुगंध'. आणि आपला अमरकोश बघा. अगरूची नावं देताना तो एका दमात राजार्ह, लोह आणि कृमिज म्हणून जातो. राजाला शोभणारं, लोखंड, आणि किड्यापासून झालेलं! सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी कुणीतरी हे झाड फोडून नीट निरखलं होतं. आसामात खोड पोखरणारी ती अळी एका पतंगाची असते, झ्युझेरा कॉन्फेर्टा तिचं शास्त्रीय नाव.

(जाता जाता: अगरबत्ती म्हणा की उदबत्ती, नाव याच लाकडाचं. एकात संस्कृत अगरू, दुसऱ्यात अरबी ऊद. काडीत मात्र तो सहसा औषधालाही नसतो. आणि मराठीत नुसता 'ऊद' मागितला तर भलतीच राळ हातात पडते.)

तर गोठा. तेल गाळायला भट्टीवर चढवण्याआधी लाकडाचा चुरा पिंपात, पाण्यात भिजत घालतात. कुणी काही दिवस, कुणी काही आठवडे. चुरा आंबतो, आणि तो उग्र, जनावरी वास बराचसा त्या आंबण्याचा असतो. आसामी पद्धतीच्या तेलात, ज्याला अरबी बाजारात 'हिंदी' म्हणतात, तो सगळ्यात ठसठशीत. म्हणजे लागवडीच्या कोवळ्या झाडाचा चुरा भरपूर भिजवला तरी गोठा येणारच, आणि जंगलातलं म्हातारं खोड थोडंच भिजवलं तर तेल स्वच्छ निघेल. गोठा हा पिंपातून येतो. जंगलाचा त्यात हात असलाच तर थोडा.

मग जंगल कुठे सापडतं? माझ्या नाकाला तरी ते शेवटी सापडतं. रानातल्या झाडात राळ दशकानुदशकं साचते. एकाच ओंडक्यात जुनी राळ, नवी राळ, वेगवेगळ्या जखमांची राळ. लागवडीत खोडाला भोकं पाडून, बुरशी टोचून काही वर्षांत झाड तोडतात. ते तेल वाईट नसतं. सुरुवात तर कधीकधी जास्त गोड, फळासारखी असते. कंबोडियाच्या धाटणीची तेलं घ्या. पण चौथ्या-पाचव्या तासाला तिथे फारसं काही घडत नाही. मुखडा झकास, अंतराच नाही. जंगली तेल तेव्हा कुठे बोलायला लागतं. अर्थात हातखंडा कारागिराचं लागवडीचं तेल हे घाईने गाळलेल्या जंगली तेलापेक्षा कधीही सरस, हेही अनुभवाने सांगतो.

तेल म्हणजे सगळा अगरू नव्हे, हेही कळायला मला वेळ लागला. राळेत क्रोमोन नावाची जड संयुगं असतात, ती वाफेबरोबर फारशी येत नाहीत. तेलात मुख्यत्वे सेस्क्विटर्पीन ही वाफेबरोबर येणारी सुगंधी संयुगं उतरतात. लाकूड तापवलं की क्रोमोन फुटतात आणि वेगळाच सुवास सुटतो. जपानी लोक राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची चकती ठेवून तिच्यावर इवलासा तुकडा नुसता तापवतात, जाळत नाहीत. आणि तो सुवास ते 'ऐकतात', क्रियापदच तसं आहे. जपानातल्या नारा इथल्या शोसोइन भांडारात रांजाताई नावाचा प्राचीन ओंडका आहे, 11.6 किलोचा. त्याचा तुकडा 1574 मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने कापून घेतला, 1877 मध्ये सम्राट मेइजींसाठी कापला गेला. इतक्या शतकांत त्यातून तुकडे कापून घेणाऱ्यांपैकी प्रसिद्ध नावं हाताच्या बोटांवर मोजावीत. हा संयम आमच्या वेडात नाही.

झाड फोडल्याशिवाय आत राळ आहे की नाही हे खात्रीने सांगणं कठीण, म्हणून रिकामी झाडंही पडली. अक्विलारिया मलाक्सेन्सिस 1995 पासून साइट्स कराराच्या, म्हणजे संकटातल्या जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, 2005 पासून अक्विलारियाच्या सगळ्याच जाती. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत मलाक्सेन्सिस आज अतिसंकटग्रस्त आहे. साइट्सच्या परवान्यावर उगमाचं अक्षर असतं: डब्ल्यू म्हणजे रानातलं. कुपीवर 'वाइल्ड' छापणारे पुष्कळ भेटले, ते अक्षर दाखवणारा मला अजून एकही भेटलेला नाही. त्यामुळे माझ्या लाडक्या कुपीतलं तेल खरंच जंगलातलं आहे का? नाक हो म्हणतं. कागद माझ्याकडे नाही.

थंडीत ते मधासारखं घट्ट होतं, कुपी मुठीत ऊब देत धरावी लागते. रोज लावत नाही. ही संपली की पुढची लागवडीचीच घेणार, पण विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारून: झाडाचं वय किती होतं, आणि चुरा किती दिवस भिजवला. पहिल्यावर जो अडखळेल त्याला दुसरा विचारणार नाही.