पोर्शे ९४४ चं फाउंडेशन आणि "एकदाच पॉली टाका, विषय संपवा" वाला मेसेज

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मला महिन्याभरात चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं इथे जर्मनीतच राहतात आणि दोघांकडेही माझ्यासारखीच पोर्शे ९४४ आहे. थोडक्यात मेसेज असा: जुन्या स्पोर्ट्स कारला कंपनीचे इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) परत टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, कंपनीने रबर वापरलं ते खर्च वाचवायला, रबरावर इंजिन पिळतं आणि पॉवर वाया जाते, गियर नीट पडत नाहीत, म्हणून पॉलियुरेथेनचे (पॉली, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिक) नाहीतर सरळ अल्युमिनियमचे सॉलिड माउंट टाका, आयुष्यभर बघायला नको, आणि रेसवाले सगळे हेच वापरतात.

यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो, कारण पाच वर्षांपूर्वी मीही हेच ऐकून पॉली माउंट बसवले होते आणि दोन वर्षांनी काढले. बसवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आले होते, त्यांची सगळी नोकरी पिंपरीत मशीन शॉपमध्ये गेली, गाडी नुसती आयडलिंगला उभी असताना त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "फाउंडेशन कडक झालंय रे याचं." आपल्याकडे गॅरेजमध्ये इंजिन माउंटला फाउंडेशनच म्हणतात. बॉनेट न उघडता त्यांना ते कळलं, आणि मी मात्र ती थरथर म्हणजे स्पोर्ट्स कारचा स्वभाव असं स्वतःला वर्षभर समजावत होतो.

आधी खर्चाचं बघू. ९४४ (१९८२ ते १९९१) मध्ये पुढे जे दोन माउंट आहेत ते नुसत्या रबराचा ठोकळा नाहीत, हायड्रॉलिक आहेत, म्हणजे आत द्रव भरलेला असतो. अशा माउंटमध्ये दोन कप्पे असतात आणि मध्ये एक अरुंद वाट, इंजिन मोठा झोका घेतं तेव्हा द्रव त्या वाटेने ढकलला जातो आणि झोका तिथेच मरतो, आणि आयडलिंगच्या बारीक थरथरीला माउंट मऊ राहतो. साध्या रबराला हे दोन्ही एकदम जमत नाही, थरथर अडवायला मऊ केलं तर खड्ड्यात इंजिन नाचतं आणि नाचू नये म्हणून कडक केलं तर थरथर आत येते. खर्चच वाचवायचा असता तर रबराचा ठोकळा कितीतरी स्वस्त पडला असता. याच गाडीत पोर्शेने बॅलन्स शाफ्टसाठी (थरथर मारायला फिरणारे वजनदार दांडे) मित्सुबिशीकडून लायसन्स घेतलं, कारण २.५ लिटर म्हणजे २,४७९ सीसीचं काम चारच सिलेंडरमध्ये, एकेका पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर, एवढ्या मोठ्या चार सिलेंडरला क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दुप्पट वेगाने वरखाली हलवणारं एक बळ असतंच आणि ते मारायला ते दोन उलटसुलट फिरणारे शाफ्ट. एवढं सगळं करून शेवटच्या टप्प्यावर माउंटमध्ये कंजूषी केली हे मला अजिबात पटत नाही, उलट बॅलन्स शाफ्टनंतर जे उरतं ते गाळायची चाळणी म्हणजे हा माउंट.

आणि उरतं ते कमी नाही. बॅलन्स शाफ्ट पिस्टनच्या वरखाली होण्याचं बळ मारतात, पण प्रत्येक स्फोटाला क्रँकला जो झटका बसतो तो तसाच राहतो. चार सिलेंडरला एका फेऱ्यात दोन स्फोट, आयडलिंग मिनिटाला ८५० फेरे धरलं तर सेकंदाला साधारण २८ झटके. आता माउंटवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची डोलण्याची गती सेकंदाला १० धरू, २८ झटके त्याच्या जवळपास तिप्पट पडतात आणि हिशोब केला तर बॉडीपर्यंत १५ टक्क्यांच्या आसपासच पोचतात. माउंट चौपट कडक केला की ती गती दुप्पट होते, १० ची २०, आणि २८ झटके आता फक्त १.४ पट राहतात, आणि हीच नेमकी ती हद्द जिथे माउंट काहीच गाळत नाही, झटका पूर्णच्या पूर्ण आत येतो. मी आकडे सोपे घेतलेत पण गणित मेकॅनिकलच्या पुस्तकातलंच आहे. डॅशबोर्ड, आरसा, दरवाज्यातलं प्लास्टिक, तीसपस्तीस वर्षांच्या वायरिंगचे कनेक्टर, सगळं त्या १५ टक्क्यांच्या हिशोबाने बनलंय आणि आपण त्याला शंभर टक्के देतो. माझ्या गाडीत डॅशच्या मागचे दोन स्क्रू सैल होऊन खाली पडले होते.

आता पॉवर वाया जाण्याचा मुद्दा, यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण मेसेजसोबत एक व्हिडिओ पण फिरतोय, न्यूट्रलमध्ये रेस दिली की इंजिन एका बाजूला झुकतं आणि खाली लिहिलंय "बघा पॉवर कुठे जाते." पहिली गोष्ट, न्यूट्रलमध्ये चाकाला पॉवर जातच नाही, ते झुकणं म्हणजे क्रँक आणि फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चाक) एकदम वेग घेतात त्याची उलट प्रतिक्रिया. दुसरं, माउंट दबला तरी एकदाच दबतो, स्प्रिंगसारखा, दाब तसाच राहिला तर तो तिथेच थांबतो आणि त्यानंतर काहीही खात नाही, त्यामुळे स्थिर अॅक्सिलरेटरवर चाकाला टॉर्क (फिरवण्याचा जोर) तेवढाच मिळतो, मग माउंट लोण्याचा असो नाहीतर लोखंडाचा. आणि तिसरं खास ९४४ बद्दल, जे मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक बघितलेलंच नाही: या गाडीचा गियरबॉक्स मागे आहे, डिफरेन्शियलसोबत (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) एकाच खोक्यात, आणि इंजिन आणि ते खोकं एका जाड नळीने, म्हणजे टॉर्क ट्यूबने, घट्ट जोडलेलं आहे. नेहमीच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गियरबॉक्स इंजिनाला चिकटून पुढे असतो आणि प्रॉपेलर शाफ्टला (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याला) दिलेल्या टॉर्कची प्रतिक्रिया इंजिनाला कुशीवर पिळते, ती माउंटनेच अडवायची असते. ९४४ मध्ये ती कुशीवरची पीळ ट्यूबच्या आतल्या आत कटते, पुढे इंजिन एका बाजूला ओढतं, मागे खोकं दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ट्यूब. उरतं ते फक्त चाकांच्या शाफ्टची प्रतिक्रिया, ती इंजिनाचं पुढचं टोक किंचित वर उचलू बघते. म्हणजे ज्या पिळण्याच्या भीतीने हा मेसेज सॉलिड माउंट टाकायला सांगतो ते पिळणं जोरात पळवताना या गाडीत होतच नाही.

कडक माउंटने अॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याचा पहिला क्षण जरा चटपटीत वाटतो हे मात्र खरं आहे, मला पण वाटला होता. ते वाटणं आवडत असेल तर त्यासाठी टाका, पॉवर वाढते म्हणून टाकू नका.

गियर नीट न पडणं. गियरबॉक्स मागे, त्यामुळे गियरचा दांडा ते खोकं लांबच लांब रॉड आहे आणि त्याच्या सांध्यातले बुश (छोट्या रिंगा) झिजतात, मागचा गियरबॉक्स माउंट दबून बसतो, आणि दांडा भातात चमचा फिरवल्यासारखा लागतो. पुढचे माउंट बदलून हे सुधारणार नाही. आधी ते बुश बघा, कमी खर्चाचं काम आहे.

"आयुष्यभर बघायला नको." पॉली तेलाला रबरापेक्षा चांगलं टिकतं, मान्य. पण सततच्या उष्णतेत पॉलीसुद्धा मऊ पडतं, बसतं आणि परत उठत नाही. ९४४ चा एक माउंट एक्झॉस्टच्या बाजूला आहे आणि रबराचा असो की पॉलीचा, तोच आधी जातो. माझे काढले तेव्हा त्या बाजूचा दुसऱ्यापेक्षा स्पष्ट दबलेला होता, दोन वर्षांत. सॉलिड अल्युमिनियम झिजणार नाही हे बरोबर, पण मग ती झीज ब्रॅकेट, बोल्ट आणि बॉडीच्या वेल्डिंगवर जाते.

रेसवाल्यांबद्दल. ट्रॅकची गाडी दर काही तासांनी उघडतात, प्रत्येक बोल्ट तपासतात, आत ट्रिम (प्लास्टिक-कापडाची सजावट) नसतेच, तिथे सॉलिड माउंट समजू शकतो आणि कोणाची ९४४ फक्त ट्रॅकलाच जात असेल तर माझा काहीच विरोध नाही. पण पोर्शेनेच २०१० च्या ९११ जीटी३ साठी (ट्रॅकच्या ढंगाची ९११) असे माउंट दिले ज्यांच्यातला द्रव चुंबकीय क्षेत्राने घट्ट किंवा पातळ होतो, शांत चालवताना मऊ आणि जोरात चालवताना कडक. सॉलिडच सगळ्यात चांगलं असतं तर जीटी३ सारख्या गाडीला एवढा खटाटोप कशाला केला असता?

एका बाबतीत मेसेजला अर्धं बरोबर म्हणेन, कंपनीचं खोकं बघून डोळे झाकून घेऊ नका. रबर शेल्फवर पण म्हातारं होतं, पंधरावीस वर्षं पडून असलेला ओरिजिनल माउंट नवीन नाही, तारीख विचारा. आणि हुबेहूब दिसणारे स्वस्त डुप्लिकेट येतात ज्यांच्यात द्रवच नसतो, नुसतं रबर, ते कंपनीच्या माउंटसारखं काम करत नाहीत आणि मग लोक म्हणतात नवीन टाकूनही फरक नाही. म्हणजे प्रश्न कंपनीचा की बाहेरचा एवढाच नाहीये, बाहेरच्यामध्येही द्रव असलेले चांगले माउंट मिळतात आणि रस्त्यावरच्या गाडीला ते खुशाल घ्या.

आणि कोणताही माउंट मागवायच्या आधी बिघाड माउंटचाच आहे का ते बघा, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. माउंट गेला असेल तर थरथर आयडलिंगला जास्त, एसी लावला की अजून वाढते आणि रेस दिली की कमी होत जाते, खाली वाकून बघितलं तर माउंटवर ओघळ दिसतो नाहीतर इंजिन खाली बसून ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची टाकी) क्रॉसमेंबरच्या (इंजिनाखालच्या आडव्या बीमच्या) जवळ आलेला दिसतो. थरथर रेससोबत वाढत जात असेल आणि नुकतंच बेल्टचं काम झालं असेल तर बॅलन्स शाफ्टचं टायमिंग आधी तपासा, एक शाफ्ट अर्धा फेरा चुकला तर तो बळ मारायच्या ऐवजी वाढवतो. आणि अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना ठक्क असा आवाज येत असेल तर जुन्या क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असतं ते फाटलं असू शकतं.

बदलताना दोन्ही बाजूचे एकदम बदला, इंजिन वरून आडव्या बारला टांगून घ्या, अल्युमिनियमच्या ऑइल पॅनखाली थेट जॅक लावू नका. एक्झॉस्टच्या बाजूला उष्णता अडवायला जो छोटा पत्रा असतो तो गंजला म्हणून फेकून देतात आणि नवीन माउंट उघडाच बसवतात. माझ्यात पण तो नव्हता, मी नवीन मागवून बसवला, आणि त्या बाजूच्या हायड्रॉलिक माउंटला आता तीन वर्षं झाली, अजून ओघळ नाही.