बजेट नाही म्हणे!

आत्ताच मंडळाच्या बक्षीस समारंभातून आलोय. जेवायचं बाकी आहे, पण आधी हे लिहून टाकतो, नाहीतर घास उतरणार नाही.

स्टेजवर पाहुण्यांची ही रांग. प्रत्येकाला फेटा, हार, शाल, श्रीफळ. त्यातले निम्मे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच आले असतील. आणि ज्या पोरानं गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी आमच्या पोरापोरींना लेझीम शिकवली, तो मागं खुर्च्या लावत होता. पथकाची ट्रॉफीसुद्धा पदाधिकाऱ्यांनीच घेतली, फोटोसकट. मी एकाला बाजूला घेऊन विचारलं, दादाचं काय? तर म्हणे, "यंदा बजेट नाही हो. आणि तो घरचाच आहे की."

घरचाच! म्हणजे फुकटचा.

हा पोरगा दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात उभा असतो. तिथून सुटला की थेट मैदानावर. आघाडी, पवित्रा, हूल, सगळं एकेकाच्या शेजारी उभं राहून करून घेतो. लेझमीची साखळी तुटली की तार आणून हाच बांधणार. शिट्टी त्याची, पेट्रोल त्याचं. त्याच्या जोडीला एक ताई आहे, उशीर झाला की मुलींना एकेक करून घरी सोडते. तिचं नाव तर माईकवर आलंच नाही. लोकमान्यांनी १८९३ ला सार्वजनिक गणपती सुरू केला, त्याच्या आधीपासून, १८८५ पासून आपल्या सोलापुरात आजोबा गणपती बसतोय, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. मिरवणुकीत हलगीवर पावलं पडतात ती कुणी बसवली, हे सांगायला मात्र तोंड उघडत नाही.

आम्ही साखर पेठेत राहायचो तेव्हा आम्हालाही असाच एक दादा होता. त्याचे वडील यंत्रमागावर कामाला. रोज त्याला ऐकवायचे, लेझीम खेळून पोट भरतं का रे? माझी आई विड्या वळायची, पैशाचं तर बोलायलाच नको. एका संध्याकाळी तिनं कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून घेतली आणि थेट त्याच्या घरी गेली. मी मागं मागं. तिथं तिच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत वडिलांना सांगितलं, माझा पोरगा चार माणसांत मान वर करत नव्हता, तो आता पहिल्या ओळीत नाचतो, तुमच्या मुलामुळं. वडील काहीच बोलले नाहीत. पण नंतर दादा सांगायचा, त्या दिवसापासून कितीही उशिरा घरी गेलं तरी ताट झाकून ठेवलेलं असायचं.

कुठलं बजेट लागलं हो त्याला?

आता म्हणाल, पाहुणे वर्गणी देतात, त्यांना फेटा बांधावाच लागतो. बांधा. काही दादांना पुढं नगरसेवकाचं तिकीट हवं असतं, हेही खरं. पण त्यांचा हिशोब या पोरावर कशाला काढायचा?

आणि पालकहो, मंडळाला शिव्या घालून आपण सुटत नाही. पोरगी मिरवणुकीत नाचते तिचा व्हिडिओ स्टेटसला ठेवता ना? त्यात शिट्टी वाजवणारा कोपऱ्यात अर्धा कापलेला असतो. सरावाला पोराला सोडायचं आणि गाडीवरूनच वळायचं. कधी खाली उतरून विचारलंय का, "जेवलास का बाबा?"

रागात लिहितोय, माहितीये. पण त्या डब्याची आठवण आली की वाटतं, हे किती सोपं आहे. पेट्रोलचे पैसे पालकांत वाटून घ्या, त्याला मागायची वेळ आणू नका. आठवड्यात एक दिवस दोघा पालकांनी मैदान सांभाळा, त्याला सुट्टी द्या. मुलांकडून चार ओळी लिहून घ्या, पण छापील नको, आणि "आपण दिलेल्या अमूल्य योगदानाबद्दल" तर अजिबात नको. कोणता पाय चुकत होता आणि दादानं तो कसा सरळ केला, तेवढं लिहू दे. वस्तूच द्यायची तर आपली सोलापुरी चादर द्या. चादरीच्या गावात बाहेरून आणलेली झुळझुळीत शाल कशाला? ती कपाटातच राहते. चादर तो थंडीत अंगावर घेईल.

मंडळाला एक सुचवतो. १२ जानेवारीला आपण इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना अभिवादन करायला जमतोच, त्या दिवशी युवक दिनही असतो. त्याच संध्याकाळी मैदानावर दादा-ताईंचा कार्यक्रम करू. स्टेज नको, साउंड नको. त्यांच्या आई-वडिलांना पुढं बसवू आणि बोलतील ती पोरं. पाहुणे आलेच तर त्यांनी ऐकावं.

तोवर मी थांबत नाही. उद्या संध्याकाळी डबा घेऊन या दादाच्या घरी जातोय. त्याच्या आईला तेलुगूच कळतं. पथकातल्या मुलांच्या पालकांपैकी कुणाला नीट बोलता येत असेल तर सोबत या. माझं तेलुगू आईच्याहून वाईट आहे.