गाजराच्या वेशातला माणूस आणि डॉक्टर स्मिथ : वाशीच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

अंतराळात वाट हरवलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या 'लॉस्ट इन स्पेस' या जुन्या अमेरिकी मालिकेच्या ब्लू-रे संचाविषयी मी लिहिले होते, त्यावर आपण वाशीहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. आपण आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे, तेव्हा वरवरचे उत्तर देऊन वेळ मारून नेणे योग्य होणार नाही. मालिकेतले विज्ञान धादांत खोटे आहे आणि ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना रविवारी एकत्र बसवून ती दाखवणे म्हणजे त्यांच्या डोक्यात कचरा भरणे आहे, असे आपण म्हणता. माझे कौतुक हे केवळ स्मृतिरंजन आहे, असाही आपला आक्षेप आहे. शिवाय पुठ्ठ्याचे खडक अधिक स्वच्छ दिसावेत यासाठी पदरमोड कशाला करायची, असे आपण विचारले आहे. शेवटी आपण लिहिता की गाजराचा वेश चढवलेला माणूस ज्या मालिकेत तावातावाने भाषण करतो, तिच्यावर हसण्यापलीकडे शहाण्या माणसाने काही करू नये.

विज्ञानाच्या बाबतीत मी आपल्याशी वाद घालणार नाही, उलट आपल्या पुराव्यांत भरच घालतो. दुसऱ्याच भागात यानाजवळून एक धूमकेतू जातो आणि त्याच्या धगीने यानाचे दार अडकून बसते; बर्फ आणि धूळ यांच्या गोळ्याची अशी भट्टी झालेली मी तरी अन्यत्र पाहिलेली नाही. मालिकेतले रॉबिन्सन कुटुंब निघालेले असते अल्फा सेंटॉरी या तारकासमूहाकडे, जो आपल्यापासून सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तिथे ते साडेपाच वर्षांत पोहोचणार असते, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ऐंशी टक्के वेगाने. पण या वेगाचे पुढे काय होते याची फिकीर एकाही लेखकाला नाही. आपण डॉ. जयंत नारळीकरांचा दाखला दिलात. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून त्यांनी मराठी विज्ञानकथेला जे वळण लावले, ते माझ्याही पिढीने गिरवले आहे. विज्ञान काढून घेतले तर कथा कोसळली पाहिजे, ही आपली कसोटी त्या परंपरेसाठी रास्त आहे. 'लॉस्ट इन स्पेस'मधून विज्ञान काढून घेतले तर मात्र काहीही कोसळत नाही, कारण मुळात ते आधाराला लावलेलेच नव्हते. ज्या परीक्षेचा अर्जच भरला नाही, त्या परीक्षेत तिला नापास करण्यात काय मिळणार?

स्मृतिरंजनाच्या आरोपाचा निकाल चटकन लावता येईल. आपण दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' पाहिल्याचे लिहिले आहे. माझे बालपणही त्याच पडद्यासमोर गेले. 'लॉस्ट इन स्पेस' मी पहिल्यांदा पाहिली ती मोठेपणी, डिस्कवर. त्यामुळे जपायला माझ्याकडे तिची बालपणीची एकही आठवण नाही. जुन्या आठवणींवर विसंबणाऱ्यांचे काय होते, याचा या मालिकेपुरता नमुना असा, की यंत्रमानवाच्या तोंडचे 'डेंजर, विल रॉबिन्सन!' हे जगभर प्रसिद्ध झालेले वाक्य नेमके या शब्दांत सबंध मालिकेत एकदाच येते, तेही तिसऱ्या हंगामात. ८३ भाग क्रमाने पाहणाऱ्याला ही गोष्ट कळते, नुसत्या आठवणी काढणाऱ्याला कळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. या मालिकेचा बावळटपणा हाताबाहेर गेलेल्या गांभीर्यातून आलेला नाही. तो टप्प्याटप्प्याने, जाणूनबुजून स्वीकारला गेला, आणि त्यामागे मुख्यतः एका नटाचा हात होता, असे माझे म्हणणे आहे. निर्माते आयर्विन ॲलन यांनी केलेल्या चाचणी भागात डॉक्टर स्मिथ हे पात्रच नव्हते आणि यंत्रमानवही नव्हता. दोघेही नंतर घातले गेले. तोवर इतर नटांच्या नावांचा क्रम करारांत ठरून गेला होता, म्हणून स्मिथ साकारणाऱ्या जोनाथन हॅरिस यांचे नाव श्रेयनामावलीत सर्वांत शेवटी 'खास पाहुणा कलाकार' म्हणून येते, आणि हा पाहुणा अखेरच्या भागापर्यंत मुक्काम ठोकून राहतो. १५ सप्टेंबर १९६५ रोजी प्रक्षेपित झालेल्या पहिल्या भागात स्मिथ हा थंड डोक्याचा घातपाती आहे. लष्करी गणवेशातला हा माणूस पहाऱ्यावरच्या सैनिकाला एका फटक्यात आडवा करतो, उड्डाणानंतर आठ तासांनी यान उद्ध्वस्त करण्याची आज्ञा यंत्रमानवाला देतो आणि ऐनवेळी स्वतःच यानात अडकतो. तो भाग आपण पाहिलात तर त्यात हसण्यासारखे फारसे काही सापडणार नाही.

हॅरिस यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे की असा निखळ खलनायक काही भागांतच मारावा लागला असता आणि त्यांची नोकरी गेली असती, म्हणून त्यांनी पात्रात हळूहळू भित्रेपणा, आळस आणि फुकाचा तोरा मिसळायला सुरुवात केली. ॲलन यांच्या ते लक्षात आले, आणि त्यांनी थांबवण्याऐवजी आणखी करा असे सांगितले. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गरीब स्थलांतरित घरात जन्मलेल्या या नटाने आपला इंग्रजी खानदानी थाटाचा उच्चारही स्वतःच घडवला होता. यंत्रमानवाला उद्देशून स्मिथ ज्या अनुप्रासयुक्त शिव्या हासडतो, त्यांतल्या पुष्कळशा हॅरिस स्वतः रचत असत. पाठीला हात लावून कण्हायचे, काम टाळायचे, संकट दिसताच रॉबिन्सनांच्या लहानग्या विलच्या मागे लपायचे आणि संकट टळताच छाती पुढे काढून त्याचे श्रेय घ्यायचे, असे त्यांचे चालते. एकेका प्रसंगात ते असे काही भाव खाऊन जातात की शेजारी उभ्या असलेल्या नायकाकडे कोणी बघतही नाही.

आपण ठाण्याला येत असाल तर गडकरी रंगायतनला बालनाट्याचा एखादा प्रयोग अवश्य पाहा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधल्या चेटकिणीला मुले जितकी घाबरतात, त्याहून जास्त तिच्या प्रवेशाची वाट पाहतात. एका पिढीने ती दिलीप प्रभावळकरांच्या रूपात पाहिली, अलीकडच्या पिढीने वैभव मांगले यांच्या. पुरुष नट ही भूमिका करतो आहे, मागचा पडदा रंगवलेला आहे, हे पहिल्या रांगेतल्या पाच वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते आणि त्याने त्याचे काही बिघडत नाही. हॅरिस यांचा स्मिथ त्या जातीचा आहे. त्याला वास्तववादी अभिनयाच्या फूटपट्टीने मोजून नाटकी म्हणणे म्हणजे चेटकिणीचे नाक खरे नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे.

यंत्रमानवाबद्दल आपण एकच वाक्य लिहिले आहे, 'डबा'. त्या डब्याची रचना रॉबर्ट किनोशिता यांची. १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट' चित्रपटातल्या प्रसिद्ध यंत्रमानवाच्या आराखड्यामागेही त्यांचाच हात होता. आत बॉब मे नावाचा नट उभा असे. चित्रीकरणाच्या वेळी तो सगळे संवाद स्वतः म्हणे आणि पंजातली कळ दाबून छातीवरचा दिवा शब्दांच्या लयीत उघडझाप करत असे. प्रत्यक्ष ऐकू येतो तो डिक टुफेल्ड यांचा, नंतर ध्वनिमुद्रित केलेला आवाज. हे माहीत असेल तर एखादा संवाद केवळ दिव्याकडे बघत पाहावा. आवाज एका माणसाचा आणि श्वास दुसऱ्याचा, आणि मध्येच एखादा शब्द दिव्याच्या किंचित आधी किंवा नंतर पडतो. आमच्याकडच्या मुलांना ही गंमत इतकी आवडली की त्यांनी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावायला लावला. कचरा भरणे यालाच म्हणतात का, हे मी आपल्यावर सोपवतो.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र सांगायलाच हवे. मालिकेचे भक्त त्याबद्दल मूग गिळून बसतात. गाय विल्यम्स हे 'झोरो' म्हणून घराघरांत पोहोचलेले नट, आणि प्राध्यापक रॉबिन्सन हा कागदोपत्री मालिकेचा नायक. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीचे भाग त्यांचे आहेत, आणि चांगले आहेत. कृष्णधवल चित्रणात अंधार दाट दिसतो, कुटुंबातले ताण खरे वाटतात, बर्फावरून चालणाऱ्या खऱ्या वाहनावर बेतलेला त्यांचा 'रथ' खडकाळ माळावरून जातो तेव्हा धोका जाणवतो. पुढे जानेवारी १९६६ मध्ये एबीसी वाहिनीवर 'बॅटमॅन' सुरू झाले, तेही बुधवारी त्याच वेळेला, भडक रंगांत आणि उघड थट्टेच्या सुरात. सप्टेंबरमध्ये 'लॉस्ट इन स्पेस' रंगीत होऊन परतली ती त्याच सुरात. स्मिथ, विल आणि यंत्रमानव या तिघांभोवती कथा फिरू लागली, आणि आई, वडील, मोठी बहीण व वैमानिक हे सारे तोंडी लावण्यापुरते उरले. दुसरा हंगाम पाहताना आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने विचारले, "याचे बाबा कुठे असतात?" प्रश्न अगदी नेमका होता. आठवड्याला एक भाग पाहणाऱ्याला जे सहज जाणवले नसते, ते सलग पाहणाऱ्या मुलीने पकडले. विल्यम्स यांची त्या काळातली नाराजी पुढे सर्वश्रुत झाली, आणि ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते. एका नटाचा उत्कर्ष दुसऱ्याच्या हक्काच्या जागेवर झाला. मी हॅरिस यांचा चाहता असूनही हे नाकारणार नाही.

आता गाजर. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी प्रक्षेपित झालेला तो भाग मालिकेचा शेवटून दुसरा. स्मिथ एका ग्रहावर फुले तोडायला जातो, फुले किंचाळतात, आणि गाजराचा राजा टायबो खटला चालवायला अवतरतो. पुढे स्मिथची कोथिंबिरीच्या कुळातली सेलरी ही भाजी होते. आपल्याकडे ती चिनी पदार्थांच्या गाड्यांमुळे ओळखीची झाली आहे. या भागाचे समर्थन मी करत नाही. तो वाईट आहे, आणि नट तो करत असताना त्यांनाही ते कळत होते. विल्यम्स आणि आईची भूमिका करणाऱ्या जून लॉकहार्ट यांना चित्रीकरणात हसू आवरेना, अशी आठवण त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळदा सांगितली आहे. नारिंगी रंग फासलेल्या त्या टायबोच्या चेहऱ्याकडे मात्र आपण एकदा निरखून पाहावे. ते स्टॅन्ली ॲडम्स आहेत. आपल्या लाडक्या 'स्टार ट्रेक'मध्ये भराभर वाढणारे केसाळ 'ट्रिबल' विकणारा लबाड व्यापारी साकारणारे तेच, आणि तो भाग याच्या जेमतेम दोन महिने आधी, २९ डिसेंबर १९६७ रोजी दाखवला गेला. तिथे आपण त्यांना दाद दिलीत, इथे गाजर म्हणून मोडीत काढता. दोन्हीकडे ते तेवढ्याच निष्ठेने उभे आहेत. फरक पडला तो हातात आलेल्या संहितेमुळे. आणि 'स्टार ट्रेक'च्या नायकाशी, कॅप्टन कर्कशी झुंजणारा तो रबरी पालमानव आपण विसरला नसालच.

ब्लू-रेच्या खर्चाबद्दल थोडेसे. संपूर्ण मालिकेचा हा संच २०१५ मध्ये, तिला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने आला. आधीच्या अमेरिकी डीव्हीडी प्रदेश क्रमांक १ च्या, आणि भारत पडतो क्रमांक ५ मध्ये, त्यामुळे इथल्या साध्या यंत्रावर त्या चालत नसत. हौशी लोकांना सर्व प्रदेशांचे यंत्र शोधावे लागे. नव्या प्रतीत रंगीत हंगामांतले रंगवलेले आकाश कुठे संपते आणि स्टुडिओची जमीन कुठे सुरू होते ते स्पष्ट दिसते, हे आपले म्हणणे खरे आहे. मला तेच पाहायचे होते. पहिल्या हंगामात हीच जागा सावल्यांनी झाकली आहे, तिथे दिव्यांची मांडणी करणाऱ्याने खडकाच्या कडेवर बारीक उजेड टाकून मागचा पडदा अंधारात ढकलला आहे. रंग आल्यावर सगळीकडे सपाट उजेड पडला आणि ती कारागिरी गेली. धूसर प्रतीत दोन्ही हंगाम सारखेच ओबडधोबड दिसतात. शिवाय संगीत नीट ऐकू येते, आणि सुरुवातीची धून रचणाऱ्या 'जॉनी विल्यम्स' यांना जग पुढे 'स्टार वॉर्स'चे संगीतकार जॉन विल्यम्स म्हणून ओळखू लागले, हे लक्षात घेतले तर तेवढ्यासाठीही माझे पैसे वसूल झाले.

मुलांच्या विज्ञानाची आपली काळजी मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच धूमकेतूच्या भागानंतर मी चित्र थांबवले आणि सूर्यापासून दूर असताना धूमकेतूचे तापमान किती असेल हे मुलांनाच शोधून आणायला सांगितले. पुढच्या रविवारी जी चर्चा झाली तिला आपल्यासारखा शिक्षक असता तर ती अधिक चांगली झाली असती. ठाणे-वाशी लोकलने आपण येऊ शकलात तर आनंद होईल. ते जमणार नसेल, तर पहिल्या हंगामाच्या डिस्क मी आपल्याकडे पोहोचत्या करतो. सुरुवातीचे पाच भाग क्रमाने पाहावेत, कारण चाचणी भागातले चित्रण त्यांतच वाटून वापरले आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या संकटाचा तुकडा जोडलेला असतो आणि पुढच्या भागाच्या आरंभी तोच पुन्हा येतो, तेव्हा डिस्क अडकली असे समजू नये. गाजराचा भाग तिसऱ्या हंगामात आहे. तो आपण स्वतंत्रपणे मागितल्यासच पाठवीन.

आपला,
एक ठाणेकर