लग्न झालेल्या बाईने ‘बॅचलर’ होऊ नये म्हणे!

रविवारी आत्याने एक मेसेज पाठवला, वर लिहिलं होतं, ‘वाच, मी म्हणत होते ना.’ तिची सून लग्नानंतर बी.ए.ला प्रवेश घेतेय. मेसेजचं म्हणणं असं: बॅचलर म्हणजे अविवाहित, म्हणून ही पदवी लग्नाआधीच घ्यायची, आपला ‘स्नातक’ म्हणजेही ब्रह्मचारी, इंग्रजांनी ही कल्पना गुरुकुलातून उचलली, आणि लग्न झालेल्या बाईने ती पदवी घेणं अशुभ.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यापायी एका मुलीचा भरलेला फॉर्म कपाटावर पडून आहे. आत्या, मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए.ची तुकडी 1862ची. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, आणि त्यांचं लग्न लहानपणीच झालं होतं. टिळकांचं लग्न 1871चं, बी.ए. त्यानंतर. त्यांची पदवी कुणाला अशुभ वाटली नाही. मग सुनेचीच का वाटावी?

‘स्नातक’चं तर उलटंच आहे. समावर्तनाचं, म्हणजे गुरूकडचं शिक्षण संपल्याचं, स्नान केलेला तो स्नातक, म्हणजे ज्याचं ब्रह्मचर्य संपलं तो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला चौथा श्लोक काढून बघ: गुरूची परवानगी घेऊन, स्नान करून, समावर्तन झालं की लग्न करावं. आपण त्यालाच सोडमुंज म्हणतो. दादाची सोडमुंज तूच केलीस ना? काठी-छत्री घेऊन तो काशीला निघाला, मामाने दारात हात धरून ‘माझी मुलगी देतो’ म्हणून परत आणला, आणि दुसऱ्या दिवशी तो बोहल्यावर उभा राहिला.

इंग्रजी शब्दात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. आज बॅचलर म्हणजे अविवाहित हे खरंच. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या फेलोंना, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-सदस्यांना, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लग्न केलं की सहसा जागा सोडावी लागे, हेही खरं. पण ते आधीच पदवी घेतलेले लोक. पदवीच्या नावाचा त्याच्याशी संबंध नाही. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा हा शब्द दुसऱ्याच्या निशाणाखाली लढणाऱ्या तरुण सरदाराला लावत. पुढे तो पहिली पायरी चढलेल्या विद्यार्थ्याला लागला. शिकवायला पात्र ठरला की तो मास्टर.

गुरुकुलातून उचलल्याचं म्हणशील, तर ईस्ट इंडिया कंपनी 1600ची. ऑक्सफर्डात ही पदवी त्याच्या कितीतरी आधीपासून देत होते.

फॉर्मची मुदत शुक्रवारी संपतेय, आत्या. मी गुरुवारी येते, तो कपाटावरून काढून ठेव.